मोसमकाठचे फड

नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागात बागलाण तालुका आहे. सटाणा हे त्याचे मुख्य ठिकाण. तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीची उंच शिखरे उभी आहेत. १५६७ मीटर उंचीचा साल्हेर किल्ला याच भागात आहे. महाराष्ट्रातील सर्व किल्ल्यांमध्ये तो उंच होय. त्याच्या पूर्वेस मुल्हेरचा किल्ला आणि मांगी-तुंगीचे जुळे सुळके आहेत. याच डोंगरांच्या कुशीत मोसम नदी उगम पावते. मुल्हेर, ताहाराबाद, जायखेडा, नामपूर या गावांच्या परिसरातून ती पूर्वेकडे वाहत जाते आणि मालेगावजवळ गिरणा नदीस मिळते. तिच्या दक्षिणेस आरम नावाची नदी आहे. तीही सटाण्यावरून वाहत जाऊन गिरणेलाच मिळते.

या खोऱ्यातील पाऊस मोठा विषम आहे. डोंगरमाथ्यावर तो धो धो कोसळतो. परंतु सह्याद्री ओलांडून पूर्वेकडे जावे, तसतसे ढग रिते होत जातात. मालेगावच्या बाजूस तर शेतकऱ्याला कित्येकदा आभाळाकडे डोळे लावून बसावे लागते. म्हणजे जेथे पाणी आहे तेथे सपाट जमीन थोडी, आणि जेथे काळी, कसदार जमीन आहे तेथे पाऊस थोडा! या दोहोंना जोडणारा एकच दुवा होता, तो म्हणजे नदी. पावसाळा सरल्यावरही डोंगरात मुरलेले पाणी कित्येक महिने तिच्या पात्रातून झुळझुळ वाहत असे. हे पाणी शेतात कसे न्यावे, आणि नेल्यावर ते सर्वांना कसे वाटून द्यावे, हे दोन प्रश्न काठावरच्या गावांपुढे होते. पहिला प्रश्न बांधकामाचा होता. दुसरा माणसांच्या स्वभावाचा. दोन्ही प्रश्नांचे उत्तर या गावांनी तीन-चारशे वर्षांपूर्वी शोधून काढले. त्यालाच ‘फड पद्धत’ असे म्हणतात. नाशिक जिल्ह्यात मोसम व आरम या नद्यांवर आणि शेजारच्या धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर ही पद्धत विशेष नांदली.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होते बंधारा. नदीच्या पात्रात खडक पाहून त्यावर आडवी, बुटकी भिंत घालीत. हा बंधारा म्हणजे धरण नव्हे. धरण पाणी साठविते. बंधारा ते केवळ थोडे उंच उचलतो आणि बाजूला वळवितो. पूर आला की पाणी बंधाऱ्यावरून खुशाल वाहून जाई. बंधाऱ्याच्या एका टोकापासून पाट खणलेला असे. नदी उतारावरून झपाट्याने खाली जाते. पाट मात्र अगदी मंद उताराने डोंगराच्या कडेकडेने नेलेला असतो. त्यामुळे काही अंतर गेल्यावर पाट उंचावर आणि नदी खाली, अशी स्थिती होते. या दोहोंच्या मधली सारी जमीन पाटाच्या पाण्याखाली येते. तेथे मोट लागत नाही, बैल लागत नाहीत, इंजिनही लागत नाही. उतार हाच तेथला गडी! अशा पाटांची लांबी २ ते १२ किलोमीटर भरे. एका पाटातून दर सेकंदाला सुमारे ४५० लिटर पाणी वाहू शके. पाटातून चाऱ्या निघत आणि चाऱ्यांतून शेतोशेती जाणारे लहान दांड निघत. उरलेले पाणी सांडव्यांवाटे पुन्हा नदीत जाई.

बंधारा व पाट बांधणे कठीण खरे. परंतु पाणी वाटणे त्याहून कठीण. पाटाच्या तोंडाशी ज्याचे शेत, त्याने हवे तेवढे पाणी घेतले, तर शेवटच्या शेतकऱ्याच्या वाट्याला कोरडी चारीच येणार. एकाने ऊस लावला, दुसऱ्याने हरभरा पेरला, तर उसाला दिलेले पाणी पाझरून हरभऱ्याच्या मुळाशी जाणार आणि ते पीक कुजणार. मग भांडणे, चोरून पाणी तोडणे, रात्री-अपरात्री हाणामारी! पाणी हे जीवन खरे. पण वाटणी चुकली तर त्याच पाण्यावरून गावात आग लागते.

म्हणून गावाने पाटाखालच्या साऱ्या जमिनीचे बहुधा चार मोठे भाग पाडले. या प्रत्येक भागास ‘फड’ म्हणत. एक फड १० हेक्टरांपासून २०० हेक्टरांपर्यंत कितीही मोठा असू शके. एका फडात पुष्कळ शेतकऱ्यांच्या जमिनी असत. परंतु त्या साऱ्या फडात एका वेळी एकच पीक घ्यावयाचे, असा दंडक होता. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू किंवा हरभरा, तिसऱ्यात बाजरीसारखे पावसाळी पीक, आणि चौथा कधी पिकाखाली तर कधी पडीक. कोणत्या फडात काय पेरावयाचे हे दरवर्षी गाव एकत्र बसून ठरवी. यंदा उसाखाली असलेला फड पुढे दुसऱ्या पिकाला दिला जाई. त्यामुळे जमिनीला विसावा मिळे, तिचा कस टिके आणि सतत पाणी साचून ती खारवत नसे.

या एका नियमात किती शहाणपण साठविलेले आहे पाहा. साऱ्या फडात पीक एकच असल्यामुळे पाणी सर्वांना एकाच वेळी लागे. पाटकऱ्याने चारी उघडली की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शेते ओळीने भिजत जात. शेजारच्या शेतातील ओल कोणाला बाधत नसे. राखण करणेही सोपे. कारण सारा फड एकदमच पिके आणि एकदमच कापणीला येई.

याहूनही मोलाची गोष्ट पुढेच आहे. बहुतेक शेतकऱ्यांच्या जमिनी एकाच ठिकाणी नसून निरनिराळ्या फडांत थोड्या थोड्या विखुरलेल्या असत. वरवर पाहता ही गैरसोय वाटते. एका माणसाने चार दिशांना चार तुकडे कशाला सांभाळावे? पण पाऊस कमी पडून नदी आटली, म्हणजे या विखुरलेपणाचा अर्थ ध्यानी येई. अशा वर्षी गाव ठरवी की यंदा चारांपैकी दोनच फड भिजवावयाचे. ज्याचे तुकडे चारही फडांत आहेत, त्याचे दोन तुकडे कोरडे राहात. पण दोन भिजत. शेजाऱ्याचेही तसेच. दुष्काळाचा घाव कोणा एकाच्या माथी न बसता सर्वांच्या वाट्याला थोडा थोडा येई. सुबत्ता वाटून घेणे सोपे असते. टंचाई वाटून घेणारे गाव विरळा.

हा कारभार पाहण्यासाठी शेतकरी आपल्यांतूनच पंच निवडीत. पंचांच्या हाताखाली पाटकरी असे. शेतात पाणी सोडणे हे त्याचे काम. शेतकऱ्याने स्वतः चारी फोडून पाणी घेणे हा अपराध समजला जाई. पाटकऱ्याचे आपले शेत कोणते आणि परक्याचे कोणते, हे पाण्याला कळता कामा नये, अशी त्याच्याकडून अपेक्षा असे. पिकाच्या राखणीसाठी जागल्ये नेमलेले असत आणि या सर्वांवर देखरेख करण्यास हवालदार असे. खळ्यावर धान्याची रास पडली म्हणजे या सेवकांना त्यांचा ठरलेला वाटा मिळे. जनावरे पिकात घातली किंवा नियम मोडला तर पंच दंड करीत, आणि ‘पाचामुखी परमेश्वर’ या भावनेने लोक तो भरीत. पाटात साचलेला गाळ काढण्याच्या वेळी प्रत्येकाने आपल्या जमिनीच्या मानाने श्रम द्यावयाचे असत. पुराने बंधाऱ्याला खिंडार पडले, तर ते बुजविण्यासही सारे गाव लोटे. ‘गाव करील ते राव करील काय?’ ही म्हण अशाच अनुभवातून जन्मास आली असावी.

या पद्धतीस मर्यादाही होत्या. पाटाच्या वरच्या अंगाला असलेल्या जमिनीला पाणी मिळणे शक्य नव्हते, कारण पाणी चढ चढत नाही. ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्यांना पाण्यातही हिस्सा नव्हता; दुसऱ्याच्या फडात मजुरी करणे एवढेच त्यांच्या हाती होते. जुन्या काळाची गोष्ट सांगताना ही बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे.

‘फड’ हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. मराठीत कुस्तीचा फड असतो, तमाशाचा फड असतो, उसाचाही फड असतो. एकट्या मल्लाने कुस्तीचा फड होत नाही आणि एकट्या गायकाने तमाशाचा फड उभा राहात नाही. पुष्कळ माणसे एका कामासाठी एकत्र जमली, म्हणजेच तो फड. शेताला हे नाव देणाऱ्यांनी ते किती नेमके दिले!

अशी व्यवस्था केवळ आपल्याच देशात होती असे नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशर परगण्यात लॅक्स्टन नावाचे एक लहान खेडे आहे. तेथे पाऊस पुरेसा पडतो. पाणी वाटण्याचा प्रश्न तेथे नाही. परंतु त्या गावाची शेती तीन विस्तीर्ण, बिनकुंपणाच्या वावरांत विभागलेली आहे आणि प्रत्येक वावरात निरनिराळ्या शेतकऱ्यांच्या अरुंद पट्ट्या आहेत. एका वावरात गहू, दुसऱ्यात वसंत ऋतूत पेरावयाचे पीक, आणि तिसऱ्यास विसावा, असा क्रम दरवर्षी फिरत राहतो. पूर्वी विसावा घेणाऱ्या वावरात साऱ्या गावाची गुरे चरत. १६३५ साली काढलेला या गावाचा नकाशा आजही उपलब्ध आहे. हिवाळ्याच्या आरंभी गावचे पंच वावरात हिंडून प्रत्येकाची हद्द पाहतात. कोणी सामाईक वाटेवर नांगर घातला असेल, तर गावची सभा त्याला दंड करते. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधील बहुतेक खेड्यांनी शेतांना कुंपणे घातली आणि जुनी पद्धत लोपली. लॅक्स्टनची मात्र टिकली. १९५२ साली तर ती जपण्यासाठी इंग्लंडच्या शेतकी खात्याने ही गावजमीन विकत घेतली. हजारो मैल दूर असलेल्या या दोन प्रदेशांना एकमेकांची वार्ताही नव्हती. तरी एकोप्याने शेती करण्याची जवळजवळ सारखीच रीत दोन्हीकडे सुचली.

मोसमकाठी मात्र काळ वेगाने पालटला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोसमवर हरणबारी येथे आणि आरमवर केळझर येथे धरणे झाली. नदीचे पाणी वरच अडले आणि ते केव्हा सोडावयाचे, हे गावाबाहेर ठरू लागले. त्याच सुमारास विहिरींवर इंजिने व विजेचे पंप आले. ज्याची विहीर त्याचे पाणी, असा विचार रुजला. आपल्या शेतात आपल्याला हवे ते पीक घेता येऊ लागले. कांदा, द्राक्षे, डाळिंबे यांनी कित्येकांच्या हाती पैसा आला. हा लाभ खोटा नव्हे. परंतु ज्याची विहीर खोल त्याला पाणी, आणि ज्याची उथळ त्याच्या डोळ्यांत पाणी, अशीही वेळ आली. जमिनीखालचा झरा एकच असतो. तो एकाने उपसला तर दुसऱ्याचा आटतो. पाट डोळ्यांना दिसत होता, म्हणून तो सर्वांचा आहे हे सर्वांना पटत होते. भूमिगत पाणी दिसत नाही, म्हणून ते आपल्या एकट्याचेच आहे असे प्रत्येकाला वाटते.

तथापि फडाचा मूळ विचार नाहीसा झालेला नाही. नाशिकजवळच्या ओझर गावी वाघाड धरणाचे पाणी कालव्याच्या शेवटच्या शेतांना पोहोचत नव्हते. १९९० च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये व भरत कावळे यांनी तेथील शेतकऱ्यांना एकत्र करून पाणीवापर संस्था स्थापन केल्या. या संस्थांनी धरणाचे पाणी मोजून घ्यावयाचे, आपसांत वाटावयाचे आणि त्याची पट्टीही आपणच गोळा करावयाची, असे ठरले. हळूहळू वाघाडच्या साऱ्या लाभक्षेत्राचा कारभार शेतकऱ्यांच्या हाती आला. २००५ साली महाराष्ट्र शासनाने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपविण्याचा कायदा केला. तीनशे वर्षांपूर्वी मोसमकाठच्या पंचांनी जे ओळखले होते, तेच अशा रीतीने पुन्हा मान्य झाले.

मोसम व आरम यांच्या पात्रांत जुन्या बंधाऱ्यांच्या भिंती अजूनही कोठे कोठे दिसतात. त्यांची उंची फार नाही. पुरुषभर उंचीचा अडसर घालून नदीला थोडे वळण द्यावे, एवढेच त्यांचे काम. त्या भिंती दगडांनी बांधलेल्या होत्या हे खरे. परंतु त्या शेकडो वर्षे उपयोगी पडल्या, त्या केवळ दगडांच्या बळावर नव्हे. दरवर्षी गाळ काढण्यास माणसे येत राहिली, आणि आपल्या वाट्याहून अधिक पाणी घ्यावयाचे नाही हे त्यांनी मान्य केले, म्हणून!

स्वाध्याय

१. बंधारा व धरण यांत कोणता फरक आहे?
२. एका फडात एकच पीक घेण्याचे कोणकोणते फायदे होते?
३. शेतकऱ्याच्या जमिनी निरनिराळ्या फडांत विखुरलेल्या असल्यामुळे दुष्काळात काय साधत असे?
४. मोसमकाठची गावे आणि लॅक्स्टन यांच्या शेतीत कोणते साम्य व कोणता भेद आहे?
५. ‘सुबत्ता वाटून घेणे सोपे असते; टंचाई वाटून घेणारे गाव विरळा.’ या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा.
६. तुमच्या गावातील पाणी कोठून येते व ते कोण वाटते, याची वडीलधाऱ्या माणसांकडून माहिती मिळवा.