कोळसा किती वर्षे पुरेल?

भूगोलाच्या अभ्यासात दगडी कोळशाचा विषय निघाला की एक गणित हमखास मांडले जाते. भारताच्या भूगर्भात सुमारे ३८ हजार कोटी टन कोळसा आहे. २०२३-२४ साली आपण जवळजवळ १०० कोटी टन काढला. भागाकार केला की ३८० वर्षांची निश्चिंती! हा भागाकार चुकीचा नाही, पण त्यातून भलत्याच प्रश्नाचे उत्तर मिळते, असे माझे मत आहे. कोळसा जमिनीत किती आहे यापेक्षा तो काढणे, वाहणे आणि जाळणे कोठवर झेपेल, हा खरा प्रश्न होय. तो समजून घेण्यास झरिया-राणीगंजपर्यंत जाण्याचे कारण नाही. आपल्या सोनपेठ तालुक्यातील खडका बंधाऱ्यापर्यंत गेले तरी पुरते.

प्रथम त्या ३८ हजार कोटींविषयी. त्यातील निम्म्याहून थोडा अधिक साठाच सिद्ध झालेला आहे. उरलेला कमीअधिक अंदाजाचा. पुष्कळसा कोळसा तीनशे मीटरांपेक्षा खोल आहे, आणि आपला नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा तर उघड्या खाणींतून, म्हणजे वरच्या थरांतून निघतो. खाण जसजशी खोल जाते तसतशी टनामागे उपसावी लागणारी माती वाढते व खर्चही वाढतो.

खाण बंद पडते ती कोळसा संपला म्हणूनच, असेही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याची खाण एकोणिसाव्या शतकात सुरू झाली, तिच्या कोळशासाठी वर्ध्याहून लोहमार्ग आला, आणि १९०६ साली ती बंदही पडली. वर्धा खोऱ्यातला कोळसा मात्र आजही निघतो आहे. पुढे १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, त्यामागेही हेच एक कारण होते : खाजगी मालक सहज हाती येणारा कोळसा तेवढा ओरबाडून घेत आणि खालचा कायमचा वाया घालवीत.

आता आपल्या शेजारच्या परळीकडे वळू. परळीचे औष्णिक वीज केंद्र १९७१ साली तीस मेगावॅटच्या छोट्या संचांनी सुरू झाले. ते जुने संच मोडीत निघाले असून आज प्रत्येकी २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. असा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला सुमारे चार हजार टन कोळसा खातो. म्हणजे रोज एक संपूर्ण मालगाडी. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण फार, साधारणपणे शेकडा तीस ते पंचेचाळीस. तेव्हा त्या मालगाडीतील तिसरा हिस्सा वाघिणी निव्वळ राख वाहून आणतात असे म्हटले तरी चालेल! भाडे मात्र सगळ्याच वाघिणींचे भरावे लागते. आणि ती राख पुढे कोठे टाकायची, हा प्रश्न परळीच्या आसपासच्या गावांना रोजचाच आहे.

पण परळी अडली ती कोळशावाचून नव्हे, पाण्यावाचून. फेब्रुवारी २०१३ मध्ये, ११३० मेगावॅटचे हे केंद्र दुष्काळामुळे संपूर्ण बंद ठेवावे लागले. २०१५ सालीही तीच पाळी आली. केंद्राला पाणी जाते ते गोदावरीवरील आपल्या खडका बंधाऱ्यातून. जुन्या केंद्रांना सरकारने २०१५ साली घालून दिलेली मर्यादा युनिटला साडेतीन लिटर आहे. त्या हिशेबाने तिन्ही संच चोवीस तास चालले तर दिवसाला सहा कोटी तीस लाख लिटर पाणी लागेल. बंधाऱ्यात पाणी असेल तेव्हा कोणी हा हिशेब करीत नाही. नदी आटली की मात्र नदीकाठचा ऊस, गावांचे पिण्याचे पाणी आणि परळीची वीज एकाच डोहाकडे पाहू लागतात. अशा वेळी पिण्याचे पाणी आधी, यात वाद नसावा; मग शेत की बॉयलर, हे ठरवणे कठीण आहे, आणि कोळशाच्या साठ्याच्या तक्त्यात त्याचे उत्तर सापडत नाही.

दुसरा पेच सूर्याने घातला आहे. २०१७ साली राजस्थानातील भाडला येथील लिलावात सौर विजेचा दर युनिटला २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरला. खाणीपासून दूर असलेल्या केंद्रास हा दर गाठणे अवघड. तथापि सूर्य मावळल्यावर दिवे लावायचेच असतात, म्हणून कोळसा इतक्यात सुटणार नाही. २०७० पर्यंत कर्बाचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणू, असे भारताने २०२१ साली ग्लासगो येथे जाहीर केले आहे. ३८० वर्षांपैकी मग उरली किती?

आणि माणसांचे काय? कोल इंडियात एके काळी सहा लाखांहून अधिक कामगार होते. आज सव्वादोन लाखांच्या आसपास आहेत. उत्पादन या काळात कित्येक पटींनी वाढले. म्हणजे खाणी बंद होण्याआधीच कायमची नोकरी आटत गेली, तिची जागा यंत्रांनी व कंत्राटी मजुरांनी घेतली. घुग्घुस, बल्लारपूर, वणी या गावांचा बाजार खाणीच्या पगारावर वाढला. कंत्राटी मजुराला भविष्यनिर्वाह निधी मिळतो की नाही, याचीच जेथे खात्री नसते, तेथे खाण बंद झाल्यावर त्याला कोण विचारणार, हे मला तरी कोणत्याही तक्त्यात दिसलेले नाही.