जुन्या श्वासयंत्राचा जीर्णोद्धार

पितळेचें भांडें विकत घेतांना आपल्या घरांतील वडील माणसें प्रथम तें आंतून पाहतात व मग बाहेरून. भांडें बाहेरून कितीहि लखलखीत असलें, तरी आंतील कल्हई उडाली असेल तर त्यांतील ताक कळकल्यावांचून राहत नाहीं, हें त्यांना अनुभवानें ठाऊक असतें. आज आम्ही ज्या वस्तूविषयीं लिहिणार आहों, तीहि बहुतांशीं पितळेचीच आहे, व तिलाहि हाच नियम लागू पडतो. मात्र येथें दोष राहिल्यास ताक बिघडत नाहीं. माणसाचा श्वास अडतो.

आमच्या शाळेंतून शिकून गेलेला एक तरुण एके सायंकाळीं आमच्या स्वारगेटच्या घरीं आला. जुन्या बाजारांत त्याला पाणबुड्याचा एक जुना रेग्युलेटर मिळाला होता. दोन महिने खपून त्यानें तो असा घासला होता कीं त्यांत तोंड पाहून घ्यावें. रात्रीच्या एस. टी.नें मालवणास जावयाचें, आणि तो रेग्युलेटर तोंडांत धरून समुद्रांत उतरावयाचें, असा त्याचा बेत होता. तिकीट खिशांतच होतें.

"सर, कसा दिसतो?" त्यानें विचारलें.

"दिसतो उत्तम. पण बाळ, तो आंतून कसा आहे?" आम्ही म्हणालों. तो गप्प राहिला. त्यानें तो उघडलाच नव्हता!

पुढें काय झालें हें सांगण्यापूर्वीं या यंत्राचें कार्य समजून घेऊं. पाण्यांत दर १० मीटर खोलीस सुमारें एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १० मीटरांवर एकंदर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट व २० मीटरांवर तिप्पट होतो. हा दाब छातीवर असतां वरची हवा लांब नळीनें ओढून घेणें अशक्य आहे. पाणबुड्यास मिळणारी हवा भोंवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची असावी लागते. टाकींत तर ती सुमारें २०० वातावरणांच्या दाबानें कोंडलेली असते. म्हणून रेग्युलेटर हें काम बहुधा दोन टप्प्यांनीं करतो. टाकीवर बसणारा पहिला टप्पा हा दाब उतरवून भोंवतालच्या दाबापेक्षां नऊ-दहा वातावरणें अधिक इतकाच ठेवतो. दुसऱ्या टप्प्यांत एक लवचीक पडदा असतो. श्वास ओढतांच पडदा आंत जातो, तरफ दाबली जाते, झडप उघडते व हवा येते. श्वास थांबतांच झडप मिटते.

या कल्पनेला मोठा इतिहास आहे. फ्रान्समधील खाण-अभियंता बेन्वा रूकेरॉल यानें १८६० मध्यें अशा नियामकाचें पेटंट घेतलें, व पुढें नौदलांतील अधिकारी ऑग्युस्त देनेरूझ याच्या साहाय्यानें तो पाणबुड्यांच्या उपयोगास आणला. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलच्या टंचाईमुळें मोटारी गॅसवर चालवाव्या लागत. त्यासाठीं एमील गान्याँ या अभियंत्यानें तयार केलेल्या झडपेंत फेरफार होऊन, १९४३ मध्यें त्याचें व झाक-ईव्ह कूस्तो याचें दोन नळ्यांचें प्रसिद्ध श्वासयंत्र सिद्ध झालें. १९५२ च्या सुमारास मेलबर्न येथें टेड एल्ड्रेड यानें एका नळीचा रेग्युलेटर बाजारांत आणला. आज सर्वत्र दिसणारा प्रकार हाच होय.

असल्या जुन्या यंत्रांचें पितळ पुष्कळ वर्षें टिकतें, पण रबर टिकत नाहीं. म्हणून जीर्णोद्धाराचा पहिला नियम असा कीं, पडदा, झडपांचे तुकडे, नळ्या व सर्व ओ-रिंगा बदलाव्या. त्या वरून चांगल्या दिसल्या तरी बदलाव्या. जुनी ओ-रिंग काढतांना पोलादी सुई वापरूं नये. खांचेंत केसाएवढा ओरखडा पडला तरी तेथून हवा झिरपते. त्यासाठीं प्लॅस्टिकची किंवा पितळेची आंकडी घ्यावी.

दुसरा नियम स्वच्छतेचा. खाऱ्या पाण्यानें आंत हिरवा कळंक चढलेला असतो. तो पातळ केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्यें थोडाच वेळ भाग बुडवून काढावा व मग स्वच्छ पाण्यानें धुवावा. आम्लांत फार वेळ ठेवल्यास पितळेंतील जस्त निघून जातें, धातु गुलाबी दिसूं लागतो व दुबळा होतो. राख, वाळू व पॉलिश-कागद आंतल्या भागांना लावूंच नये. बाहेर क्रोमचा नवा मुलामा द्यावयाचा झाल्यास आंतील खांचा व आटे झांकून घ्यावे. नाहींतर मापें बदलतात. थोडक्यांत, शोभेचें काम शेवटीं.

तिसरा नियम परीक्षेचा. आम्ही त्या तरुणास एका जाणत्या कारागिराकडे घेऊन गेलों. त्यानें रेग्युलेटर टाकीस जोडून मधला दाब मोजणारें घड्याळ लावलें. कांटा साडेनवांवर गेला. तेथें तो स्थिर राहावयास पाहिजे होता. पण तो हळूहळू दहा, अकरा, बारा असा चढत गेला आणि अखेर तोंडाकडील झडप आपोआप फुसफुसूं लागली. पाण्याखालीं असें झालें असतें तर टाकींतील हवा पाहतां पाहतां वाहून गेली असती. यंत्र उघडल्यावर भिंगाखालीं दोष दिसला. पहिल्या टप्प्यांत ज्या धातूच्या कडेवर झडपेची मऊ गादी टेकते, त्या कडेवर एक बारीक खांच होती. दोन महिन्यांच्या घासण्यानें तिला स्पर्शहि झाला नव्हता.

तरुणाचा चेहरा उतरला. परंतु त्यानें स्वारगेटला जाऊन तिकीट रद्द केलें. आमच्या मतें त्या दिवसाचें सर्वांत अवघड व सर्वांत उत्तम काम तेंच होतें.

पुढें कड व गादी बदलण्यांत आली. कांटा जागचा हालेनासा झाला. सुमारें तीन सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतक्या ओढीनें झडप उघडूं लागली. यंत्र पाण्यांत बुडवून पाहिलें, तेव्हां एकहि बुडबुडा आला नाहीं. मग पोहण्याच्या तलावांत उथळ पाण्यांत, जाणत्या सोबत्यासह परीक्षा झाली, आणि त्यानंतरच मालवण.

कांहीं यंत्रें मात्र कपाटांतच शोभतात. कित्येक जुन्या यंत्रांची टाकीवरील पकड सुमारें १५० वातावरणांच्या टाक्यांसाठीं केलेली असते. आजच्या अधिक दाबाच्या टाकीस ती लावणें धोक्याचें आहे. भेग गेलेलें किंवा ज्याचे सुटे भाग मिळत नाहींत असें यंत्र, कितीहि सुंदर असलें तरी, वापरूं नये.

जें वापरावयाचें, त्याची निगा नित्य राखावी. प्रत्येक बुडीनंतर झांकण घट्ट लावून गोड्या पाण्यानें धुवावें, धुतांना तोंडाकडील बटण दाबूं नये, सावलींत वाळवावें आणि वर्षांतून एकदां जाणत्याकडून तपासून घ्यावें. त्या तरुणानें यासाठीं एक वही घातली आहे. तिच्या पहिल्या पानावर तारीख असून पुढें एवढेंच लिहिलें आहे: "दाब चढतो. गेलों नाहीं."