शक्ति आणि पकड

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमचा एक माजी विद्यार्थी आम्हांस भेटावयास शाळेंत आला. त्याच सायंकाळीं आपल्या वृद्ध आईस व लहान मुलीस घेऊन त्यास पुण्याहून घाट उतरून मुंबईस जावयाचें होतें. त्यानें नुकतीच एक मोटार घेतली होती. ती नवी नव्हती, परंतु मोठी, शक्तिमान व मागील चाकांनीं चालणारी होती. आम्हांस तींत बसवून थोडें फिरवून आणावें अशी त्याची फार इच्छा. आंत बसतांच आमची दृष्टि चालकापुढील फलकावर गेली. तेथें एक पिवळा दिवा सारखा जळत होता. त्यावर मोटारीचें चित्र असून तिच्या मागें दोन नागमोडी रेघा काढलेल्या होत्या. "हा दिवा कसला?" असें आम्हीं विचारलें. तो हंसून म्हणाला, "सर, तो ट्रॅक्शन कंट्रोलचा. महिना झाला, असाच लागलेला आहे. गाडी तर उत्तम पळते. मग भ्यावयाचें कशास?"

नुकतीच सर पडून गेली होती. शाळेपुढील वळणावर त्यानें नेहमीच्या संवयीनें पाय जोरानें दाबला, आणि मोटारीचा मागील भाग एकाएकीं बाजूच्या गटाराकडे सरकला. दैवयोगानें वेग थोडा होता व रस्ता मोकळा होता, म्हणून टायरांनीं पुन्हां रस्ता धरला. फाटकाशीं परत येईपर्यंत आम्ही दोघेहि कांहीं बोललों नाहीं. उतरल्यावर मात्र त्यानें विचारलें, "सर, असें कां झालें?" त्याच्या या प्रश्नाचें उत्तर, ज्यांच्या हातीं उद्यां मोटारी येणार आहेत अशा आमच्या सर्वच विद्यार्थ्यांसाठीं, येथें थोड्या विस्तारानें देतों.

प्रथम आगगाडीचें उदाहरण घेऊं. बोरघाटांतील लोहमार्ग १८६३ सालीं सुरू झाला. तेथें चढ कोठें कोठें ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र आहे. रूळ ओले असले म्हणजे इंजिनाचीं चाकें कधीं कधीं जागच्या जागीं गरगर फिरूं लागतात, आणि गाडी पुढें सरकत नाहीं. अशा वेळीं चालकापाशीं दोन उपाय असतात. एक, इंजिनाचा जोर कमी करणें. दुसरा, चाकांपुढें रुळावर वाळू सोडणें. या कामासाठीं इंजिनावर वाळूच्या पेट्याच बसविलेल्या असतात. पहिल्या उपायानें जोर आटोक्यांत येतो. दुसऱ्यानें पकड वाढते. हा भेद विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावा. कारण मोटारीपाशीं वाळूची पेटी नसते.

मोटारीचा आणि रस्त्याचा संबंध चारच ठिकाणीं येतो, व प्रत्येक ठिकाणीं टायरचा जो भाग रस्त्यास टेकतो तो माणसाच्या तळहाताहून फारसा मोठा नसतो. मोटारीची सारी पकड या चार तळहातांत आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या टायरचा घर्षणगुणांक सुमारें ०.८ धरतात, ओल्या रस्त्यावर तो ०.५ च्या आसपास येतो, आणि बर्फावर ०.१ पर्यंत उतरतो. पहिल्या पावसांत रस्त्यावरील धूळ व सांडलेलें तेल यांचा निसरडा थर बनतो, तेव्हां पकड आणखीच घटते.

आतां थोडें गणित करूं. समजा, एका शक्तिमान मोटारीच्या मागील दोन चाकांवर मिळून ७५० किलोग्रॅम वस्तुमानाचा भार आहे. ओल्या रस्त्यावर तीं चाकें ७५० × ९.८ × ०.५, म्हणजे सुमारें ३,७०० न्यूटन एवढा जोर पेलूं शकतील. इंजिनाचा टॉर्क ५०० न्यूटन-मीटर असून तिसऱ्या गिअरमध्यें तो पांचपट होत असेल, व चाकाची त्रिज्या ०.३२ मीटर असेल, तर चाकाच्या कडेवर सुमारें ७,८०० न्यूटन जोर येतो. म्हणजे रस्ता जेवढा पेलूं शकतो त्याच्या दुपटीहून अधिक. उलट, एखाद्या लहान मोटारीच्या चालक चाकांवर ५५० किलोग्रॅम भार, इंजिनाचा टॉर्क १००, तिसऱ्या गिअरमध्यें साडेपांचपट आणि त्रिज्या ०.२८ मीटर धरा. येथें रस्ता सुमारें २,७०० न्यूटन पेलतो, आणि इंजिन २,००० च्या आंतच जोर लावतें. यांत्रिक घट व हलणारा भार आम्हीं हिशेबांत धरलेला नाहीं, तथापि तात्पर्य बदलत नाहीं. लहान मोटारीच्या चालकाची चूक बहुधा त्याच्या इंजिनाच्या दुर्बळपणानेंच झांकली जाते. मोठ्या मोटारीच्या चालकास तसें कोणी झांकणारें नाहीं.

आणखी एक गोष्ट आहे. टायरची पकड ही एकच पुंजी असून तिच्यांतूनच सारे खर्च भागवावे लागतात. पुढें ढकलणें, थांबविणें आणि वळणावर बाजूस घसरूं न देणें, हीं तिन्ही कामें तीच करते. वळणावर सारी पुंजी जोर लावण्यांत उधळली, तर बाजूस धरून ठेवण्यास कांहींच उरत नाहीं. मागील चाकें नुसतीं गरगरूं लागलीं कीं मोटारीची शेपटी बाहेरच्या अंगास फेंकली जाते. घाबरून पाय एकदम उचलला तर भार पुढें झुकतो, पकड अवचित परत येते, आणि मोटार उलट दिशेस हिसका खाते. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर अंतर काटते. मनुष्याचा हात हालण्यापूर्वींच वळण संपून दरी आलेली असते.

ट्रॅक्शन कंट्रोलचें काम येथेंच आहे. प्रत्येक चाकापाशीं त्याची गति मोजणारा एक लहानसा सेन्सर असतो. जोर मिळालेलें चाक इतर चाकांपेक्षां फाजील वेगानें फिरूं लागलें कीं, सेकंदाच्या अल्पशा भागांत नियंत्रक यंत्र इंजिनाचा जोर कमी करतें, किंवा त्याच चाकास ब्रेक लावतें. ब्रेक लावतांना चाकें जखडूं न देणारी ए.बी.एस. ही योजना बॉश या जर्मन कंपनीनें १९७८ सालीं बाजारांत आणली. तिच्याच पायावर पुढें चाकांचें गरगरणें रोखणारी योजना उभी राहिली, व १९९५ सालीं मोटारीस भोवंडूं न देणारी ई.एस.पी. आली. या सर्व योजना एकाच कुटुंबांतील आहेत. तथापि त्यांपैकीं एकहि नवी पकड निर्माण करूं शकत नाहीं. आगगाडीच्या चालकाचा पहिला उपाय तेवढा त्यांस साध्य आहे, दुसरा नाहीं.

आतां त्या पिवळ्या दिव्याकडे वळूं. बहुतेक मोटारींत तो क्षणभर लुकलुकला तर योजना काम करीत आहे व रस्ता निसरडा आहे असें समजावें. तो सारखा जळत राहिला तर योजना कोणीं तरी बटन दाबून बंद केली आहे, किंवा बिघाड ओळखून ती स्वतःच बाजूस झाली आहे. बिघाडाचीं कारणें पुष्कळदां क्षुल्लक असतात: सेन्सरवर चिखल बसणें, तार घासून तुटणें, बॅटरी क्षीण होणें, किंवा निरनिराळ्या मापांचे टायर बसविणें. परंतु तोच सेन्सर ए.बी.एस. व ई.एस.पी. यांसहि खबर पुरवीत असल्यामुळें एका तारेसरशीं तिन्ही पहारेकरी झोंपीं जाऊं शकतात. क्वचित् याच्या उलटहि घडतें. सदोष सेन्सर खोटी खबर देतो, आणि पुढील वाहनास ओलांडीत असतांनाच इंजिनाचा जोर काढून घेतला जातो. हा धोकाहि कांहीं लहान नव्हे.

येथें कोणी विचारील, पूर्वीच्या मोटारींत हें कांहीं नव्हतें, तरी माणसें चालवीत होतींच ना? होय. फॉर्म्युला वन शर्यतींत ट्रॅक्शन कंट्रोलला १९९४ सालीं बंदी झाली, २००१ सालीं पुन्हां परवानगी मिळाली आणि २००८ पासून पुन्हां बंदी आली. तेथील चालक तें काम आपल्या पायानेंच करतात. परंतु पहारेकरी नाहीं हें त्यांस ठाऊक असतें, आणि त्या बेतानेंच त्यांचा पाय शिकलेला असतो. पहारेकरी नसलेल्या घराचा धनी रात्रीं जागा राहतो. झोंपलेल्या पहारेकऱ्यावर विसंबणारा लुटला जातो. बिघडलेल्या योजनेचा खरा धोका हाच. यंत्रानें वर्षानुवर्षें आपल्या चुका गुपचूप सुधारल्या, त्यामुळें आपणांपाशीं कौशल्य आहे असा खोटा समज चालकाच्या ठायीं दृढ होतो.

आणि योजना शाबूत असली तरी तिची मर्यादा विसरूं नये. ता. ३० नोव्हेंबर २०१३ रोजीं कॅलिफोर्नियांतील सांता क्लॅरिटा येथें प्रसिद्ध नट पॉल वॉकर व मोटार चालविणारा त्याचा मित्र हे दोघे अपघातांत मरण पावले. ती पोर्श कॅरेरा जी.टी. मोटार ६०० हून अधिक अश्वशक्तीची होती. तिच्यांत ट्रॅक्शन कंट्रोल होतें, ई.एस.पी. सारखी योजना नव्हती. चौकशींत यांत्रिक दोष आढळला नाहीं; मात्र ताशीं ४५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर वेग ८० ते ९३ मैल होता, आणि टायर नऊ वर्षांचे जुने होते, असें निष्पन्न झालें.

यावरून व्यवहारांत काय करावें? दिवा सारखा जळत असल्यास प्रथम बटन पाहावें. तरीहि तो न विझल्यास मोटार विलंब न करितां जाणत्या कारागिराकडे न्यावी, व पावसांत घाट ओलांडण्याचा बेत रहित करावा. तेथवर नेतांना पाय हलका ठेवावा, वरचा गिअर वापरावा, वेग वळणापूर्वींच कमी करावा, आणि मोटार सरळ झाल्यावरच जोर द्यावा. पुढील वाहनापासून दुप्पट अंतर राखावें. टायरांच्या खांचा वेळोवेळीं पाहाव्या. पुष्कळ देशांत १.६ मिलिमीटर ही खोलीची किमान मर्यादा ठरविलेली आहे, परंतु पावसांत तेवढ्यावर समाधान मानूं नये.

त्या सायंकाळीं आमच्या विद्यार्थ्यानें मोटार शाळेच्या आवारांतच ठेविली, आणि आई व मुलगी यांस घेऊन तो आगगाडीनें गेला. पुढें कारागिरानें पाहिलें तेव्हां मागील डाव्या चाकाच्या सेन्सरची तार घासून तुटलेली आढळली. दुरुस्तीस एक तासहि लागला नाहीं.

प्रिय विद्यार्थ्यांनो, परमेश्वर तुम्हांपैकीं पुष्कळांस शक्ति देईल. कोणास धनाची, कोणास विद्येची, कोणास अधिकाराची. तिच्या प्रमाणांत संयमहि मागून घ्या. आणि तुमच्या अंतःकरणांत इशाऱ्याचा एखादा लहानसा दिवा लागलेला दिसला, तर गाडी अजून चांगली पळते आहे एवढ्यावरून त्याकडे पाठ फिरवूं नका.