आधी ठाव, मग नाव

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्टस्मथपासून चिचेस्टरपर्यंत पसरलेल्या खाड्यांच्या जाळ्यात, एका जुन्या शिडाच्या नौकेवर बिऱ्हाड करून आम्ही उभयता राहत असल्याचे कळल्यापासून परिचितांची आणि परिचितांच्या परिचितांची, विशेषतः नोकरीनिमित्त या देशात येऊन घरभाड्याखाली वाकलेल्या तरुण मंडळींची, एकच पृच्छा वारंवार होत आली आहे, आणि ती अशी की, समुद्रकाठी कायम राहावयाचे झाल्यास जुनी नौका कोणती घ्यावी. या प्रश्नाचे सरळ उत्तर मी सहसा देत नाही, कारण तो एक पायरी गाळून विचारलेला असतो. नौका कोणती हे ठरण्यापूर्वी ती उभी कोठे राहणार हे ठरले पाहिजे. आणि ज्यांनी हा क्रम उलटा केला, अशा कित्येकांना पहिल्याच हिवाळ्याच्या अखेरीस मोठ्या हौसेने घेतलेली नौका येईल त्या किमतीस विकताना मी पाहिले आहे.

हा सारा मुलूख भरती-ओहोटीच्या अमलाखालचा आहे. उधाणाच्या दिवसांत पोर्टस्मथला भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सुमारे ४ मीटरचे अंतर पडते, भांगाच्या दिवसांत ते जवळजवळ निम्म्यावर येते. आकड्यांपुरते पाहिले तर मुंबईच्या किनाऱ्याहून हे फारसे निराळे नाही. परंतु चिचेस्टर आणि लँगस्टन ही दोन्ही बंदरे विस्तीर्ण व उथळ असल्यामुळे पाणी ओसरले की दूरवर नुसता चिखल उघडा पडतो, आणि बॉशमसारख्या गावी, जेथे मोठ्या भरतीला काठचा रस्ताच पाण्याखाली जातो, तेथे सहा तासांनी पाहावे तर नौका कोरड्या तळावर बसलेल्या असतात. ज्या नौकेच्या तळाला दीड-दोन मीटर खोलीची एकच उभी कील, म्हणजे तळाखालचे जड पाते, आहे, ती अशा ठिकाणी आधाराविना उभी राहू शकत नाही. पाणी सरताच ती कुशीवर कलंडते, आणि कलंडलेल्या घरात चूलही पेटत नाही व झोपही लागत नाही. तिला बारमाही खोल पाण्याचा ठाव हवा, म्हणजे एक तर मरीनामधील तरंगत्या धक्क्याची जागा, जिचे भाडे नौकेच्या लांबीवर मीटरच्या हिशेबाने आकारले जाते, किंवा प्रवाहाच्या मध्यभागी बांधलेला बोया. बोया स्वस्त असतो खरा. पण नोव्हेंबरच्या झंझावातात, काळोखात, पिण्याचे पाणी, गॅसची टाकी आणि धुतलेले कपडे छोट्या होडीतून वल्हवत नेण्याचा प्रसंग रोजचा झाला म्हणजे त्या स्वस्ताईची खरी किंमत ध्यानी येते. पावसाळ्यात गलबते खाडीकाठी ओढून ठेवणाऱ्या कोकणी माणसाला जमिनीवर टेकणाऱ्या नौकेचे मोल निराळे सांगावयास नको.

दोन कील असलेल्या ब्रिटिश नौकांची उपपत्ती याच भूगोलात आहे, आणि त्यांपैकी सर्वांत परिचित अशा ‘सेंटॉर’चा विचार येथे थोडा विस्ताराने केला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकमध्ये पाणबुडीविरोधी जहाजांचे नेतृत्व केलेले आणि पुढे ‘द एनिमी बिलो’ ही कादंबरी लिहिणारे डेनिस रेनर यांनी स्थापन केलेल्या वेस्टर्ली कंपनीने, लॉरेंट जाइल्स यांच्या कार्यालयाकडून आराखडा करवून घेऊन, १९६९ ते १९८० या काळात या वर्गाच्या २,४०० हून अधिक नौका बांधल्या. लांबी २६ फूट, रुंदी साडेआठ फुटांस किंचित कमी, पाण्याखालील खोली अवघी ३ फूट, आणि वजन सुमारे ३ टन. वाऱ्याच्या दिशेने चढत जाण्यात ती खोल कीलच्या नौकेची बरोबरी करीत नाही, आणि शर्यतीच्या शौकिनांनी तिला नाके मुरडली. परंतु ओहोटीला चिखलावर ती दोन पायांवर सरळ उभी राहते, कमी भाड्याच्या उथळ जागी तिला ठाव मिळतो, आणि केबिनमध्ये साधारण उंचीच्या माणसाला मान न वाकवता वावरता येते. दोन माणसांच्या वास्तव्यास २६ फूट अपुरे पडतात असे ज्यांना वाटते, त्यांनी याच कुळातील मोठी नौका पाहावी, पण तिचे पाय दोनच असावेत, असा माझा आग्रह आहे.

या गुणाबरोबर येणारा धोकाही तितकाच स्पष्टपणे सांगितला पाहिजे. बाहेरच्या बाजूस फाकलेल्या त्या दोन बिडाच्या कील प्रत्येक ओहोटीला चिखलात रुततात, प्रत्येक भरतीला चिखल त्यांना ओढून धरतो, आणि हा ताण जेथे कील फायबरग्लासच्या तळाशी जोडलेली असते नेमक्या त्या सांध्यावर, वर्षानुवर्षे, दिवसातून दोनदा पडत राहतो. म्हणून नौका पट्ट्यांत उचललेली असताना कीलच्या टोकाला हाताने आडवा रेटा देऊन पाहावे. तळाची कातडी हलताना दिसली, किंवा आत बाकांखालच्या भागात केसासारख्या भेगा आढळल्या, तर सौदा तेथेच थांबवावा. अनेक मालकांनी आतून आडव्या बरगड्या बसवून सांधा बळकट करून घेतलेला असतो. त्या कामाची पावती मागून पाहावी. एका कीलच्या नौकांनाही हा प्रश्न चुकत नाही. मे २०१४ मध्ये अँटिग्वाहून साउदॅम्प्टनकडे येणाऱ्या ‘चीकी रफीकी’ या नौकेची कील अटलांटिकमध्ये निखळून चौघे खलाशी प्राणास मुकले, तेव्हा चौकशीच्या अहवालात पूर्वी तळाला बसलेल्या धक्क्यांचा आणि नंतरच्या दुरुस्त्यांचा संभाव्य परिणाम म्हणून निर्देश झाला. विक्रेत्याला ‘ही नौका कधी जमिनीस लागली होती काय’ असे तोंडी विचारून समाधान मानू नये. उत्तर लेखी घ्यावे.

ठावाचा आणखी एक पैलू आहे आणि तो कायद्याचा आहे. येथील पुष्कळशा मरीना कायमच्या वास्तव्यास अनुमती देत नाहीत. काही ठिकाणी वर्षातील ठरावीक रात्रींपुरती मुभा असते, काही ठिकाणी सारा व्यवहार डोळेझाकीवर चालतो, आणि डोळेझाकीवर मिळालेला आसरा व्यवस्थापक बदलताच जातो. पत्त्याचा दाखला नसेल तर बँक, दवाखाना आणि मतदारयादी या तिन्ही दारांवर खेटे घालावे लागतात. नौका पाहावयास जाण्यापूर्वी किमान दोन ठावठिकाण्यांशी लेखी बोलणी व्हावीत, लांबी व खोली यांची त्यांची मर्यादा कळावी, आणि पाणी, वीज, शौचालय व कपडे धुण्याची सोय काठावर हिवाळ्यातही चालू राहते काय, याचा खुलासा करून घ्यावा.

हे सर्व ठरले म्हणजे मग नौका पाहावी, आणि ती केबिनच्या दारातून पाहावयास सुरुवात करू नये. आम्ही शोध आरंभिला तेव्हा छत्तीस फुटी एक देखणी नौका आम्हांस दाखविण्यात आली. आतील लाकूडकाम चकाकत होते, नव्या गाद्या होत्या, पितळी दिवे होते, आणि सौभाग्यवतींनी मनातल्या मनात डबे मांडूनही टाकले होते. आमच्या वतीने नेमलेला सर्व्हेयर, एक अबोल वृद्ध गृहस्थ, आत न जाता प्रथम डेकवर गुडघे टेकून बसला आणि लहान हातोडीच्या मुठीने हळूहळू ठोकीत पुढे सरकू लागला. टणक आवाज येत येत डोलकाठीजवळ तो अकस्मात बोदा झाला. डेकच्या दोन थरांमध्ये वजन हलके ठेवण्यासाठी घातलेले बाल्सा लाकूड, स्क्रूंच्या भोकांतून झिरपलेल्या पाण्याने, हातभर रुंदीच्या पट्ट्यात कुजून गेले होते. डोलकाठीचे तारदोर ज्या पोलादी पट्ट्यांना अडकवतात त्या पट्ट्या डेकच्या वर लखलखीत होत्या; मात्र डेकमधून आरपार जाणाऱ्या, प्राणवायू न पोचणाऱ्या भागात त्या गंजाने खाल्ल्या होत्या. स्टेनलेस स्टीलचा हा स्वभावच आहे की त्याचा नाश झाकलेल्या ठिकाणी होतो. तारदोरांचे वय दहा-पंधरा वर्षांच्या पुढे गेले असेल तर ते बदलण्याचा खर्च किमतीतून वजा धरूनच बोलणी करावीत. त्या नौकेचा नाद आम्ही सोडला, आणि सर्व्हेयरला दिलेल्या पैशांइतका सार्थकी लागलेला पैसा मला दुसरा आठवत नाही.

त्याच गृहस्थाने मला सीकॉककडे पाहावयास शिकविले. नौकेच्या तळातून पाणी आत-बाहेर नेणाऱ्या या झडपा ब्राँझच्या किंवा जस्त न सोडणाऱ्या खास पितळेच्या असाव्यात. साध्या पितळेतील जस्त खाऱ्या पाण्यात विरघळून जाते आणि मागे गुलाबी रंगाचे सच्छिद्र तांबे उरते, जे हातोडीच्या एका टोल्यास तुटते. युरोपात ज्या मानकाच्या आधारे या झडपा विकल्या गेल्या, त्यात गंजरोधक म्हणजे केवळ ५ वर्षे निर्दोष टिकणारे, अशी व्याख्या होती, हे कळल्यावर मला धक्का बसला. पाण्याखाली ६० सेंटिमीटरवर ३८ मिलिमीटर व्यासाचे एक भोक मोकळे झाले तर मिनिटाला १०० लिटरहून अधिक पाणी आत येते. आमच्या शेजारच्या एका नौकेची नळी पट्टीतून निसटली तेव्हा मालक सुदैवाने घरीच होता, आणि प्रत्येक झडपेला दोरीने बांधून ठेवलेला लाकडी खुंटा त्याच्या हाताशी होता; म्हणून ती नौका आज तरंगते आहे. याच्या तुलनेने ज्या ऑस्मोसिसच्या फोडांना लोक इतके भितात, ते मला दुय्यम वाटतात. फायबरग्लासवरच्या जेलकोट या बाहेरच्या थरातून पाणी हळूहळू आत शिरून आंबूस वासाचा द्रव साठतो आणि फोड येतात, हे खरे, आणि थर सोलून, धुऊन, वाळवून इपॉक्सी चढविणे खर्चाचे असते, हेही खरे. पण फोडांनी नौका बुडाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. फोडांच्या सबबीवर किंमत उतरवून घ्यावी, आणि उरलेले द्रव्य झडपांवर, नळ्यांवर व तारदोरांवर खर्च करावे.

हिवाळ्याविषयी मात्र कितीही सांगितले तरी अपुरेच. कोकणात पावसाळ्याआधी घर जसे शाकारतात तशी नौका ऑक्टोबरात सिद्ध करावी लागते, कारण येथील शत्रू बाहेरच्या पावसापेक्षा आतले बाष्प हा आहे. माणसांचा श्वास, भाताची वाफ, ओले कपडे, आणि त्यावर गॅसची शेगडी: १ किलो ब्यूटेन जळताना सुमारे दीड किलो पाणी निर्माण होते, आणि ते सर्व थंड भिंतींवर, गादीखाली, कपाटांत उतरते. म्हणून ऊब देणारे साधन असे हवे की ज्याचा धूर व बाष्प नळीवाटे बाहेर जाईल. बाहेरची हवा घेऊन जळणारा डिझेल हीटर किंवा धुराडे असलेली छोटी शेगडी, एवढेच पर्याय मी मानतो. गादीखाली फळ्यांमध्ये अंतर ठेवून हवा खेळती ठेवावी आणि कितीही थंडी असली तरी झरोके बुजवू नयेत. जानेवारी २०१४ मध्ये व्हिटबी बंदरात ‘एश्कोल’ या मासेमारी नौकेवर दोन तरुण मच्छीमार ऊब मिळावी म्हणून स्वयंपाकाचा ग्रिल पेटता ठेवून झोपले आणि कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच गेले. या वायूला वास नाही, रंग नाही. त्याची सूचना देणारा गजर विकत घेण्यास जो काचकूच करतो त्याने नौकेवर राहूच नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली की तळाच्या पोकळीत साचतो. टाकीची पेटी केबिनपासून पूर्णपणे अलग आणि तिचा निचरा थेट बाहेर हवा. शिवाय शून्य अंशाच्या आसपास ब्यूटेनची वाफ होणेच थांबते. थंडीच्या दिवसांत प्रोपेनची टाकी घ्यावी.

इंजिनाविषयी थोडक्यात इतकेच, की ते थंड असताना सुरू करून पाहावे, आणि विक्रेत्याने आपण येण्यापूर्वीच ते तापवून ठेवले असेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जावे.

राहता राहिला दस्तऐवजांचा मामला. ब्रिटिश नोंदणीच्या पहिल्या भागात प्रत्येक जहाजाची मालकी ६४ वाट्यांत विभागलेली असते, आणि त्या दफ्तरात तारणाचा बोजाही नोंदवलेला सापडतो; याउलट लहान नौकांच्या नोंदवहीतील क्रमांक मालकी हक्काचा पुरावा ठरत नाही, ही गोष्ट नवख्यांस माहीत नसते. पहिल्या मालकापासून आजच्या विक्रेत्यापर्यंत खरेदीखतांची साखळी अखंड आहे काय, मूल्यवर्धित कर भरल्याचा कागद आहे काय, बंदराची थकबाकी आहे काय, हे पाहावे, कारण काही प्रकारचे कर्ज माणसाला न चिकटता नौकेलाच चिकटते आणि नव्या मालकाच्या दारी वसुलीस येते. रिवाजाप्रमाणे इसारा किमतीच्या एक-दशांश असतो. तो देताना ‘सर्व्हे समाधानकारक ठरल्यास’ ही अट करारनाम्यात असलीच पाहिजे. बोलणी शरद ऋतूत करावीत, कारण हिवाळ्याचे भाडे समोर दिसू लागले की विक्रेता नरमतो. आणि विमा उतरवताना नौकेवर कायम वास्तव्य असल्याचे अर्जात स्पष्ट नमूद करावे. हे लपवून घेतलेले विमापत्र नेमक्या गरजेच्या वेळी रद्द ठरू शकते. कंपनीकडून त्याची लेखी कबुली हाती येईपर्यंत उरलेली रक्कम विक्रेत्यास देऊ नये.