डबल स्टँड चेनला घासतो तेव्हा

चि. अक्षय यास,


डबल स्टँड चेनला घासतो म्हणून गॅरेजवाला ग्राइंडरनं स्टँडची नळी तासून देतो म्हणाला, असं ताईकडून कळलं. त्याला तासू देऊ नकोस. ती नळी आतून पोकळ असते, गाडीचा भार तिच्यावर येतो आणि तासलेल्या जागी पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. शिवाय घासण्याचं कारण तसंच राहतं.

आधी घासतंय कुठं ते बघ. पुष्कळ जण गाडी डबल स्टँडवर लावून चाक फिरवतात, आणि काहीच सापडत नाही. सापडेल कसं? तेव्हा स्टँड खाली आलेला असतो. स्टँड मिटून मित्राला गाडीवर बसव आणि तू टॉर्च घेऊन खाली वाक. स्टँडवर जिथं चकचकीत चरा पडलाय, तीच जागा. मिटलेला स्टँड ज्या रबरावर टेकतो ते रबर झिजलं किंवा गळून पडलं, तर तो जास्त वर जाऊन चेनला भिडतो. रबर नवं टाकलं की काम झालं. स्टँड आडवा डुगडुगत असेल तर पिन आणि बुश बदलायला हवेत. पाय वाकला असेल, तर गाडी स्टँडवर असताना वर बसायची सवय आधी सोड.

स्टँड शाबूत असेल तर चेन ढिली आहे. पिकअप घेताना वरची बाजू ताणते आणि खालची लोंबते, म्हणून आवाज नेमका तेव्हाच येतो. खालच्या बाजूला मधोमध चेन बोटानं वर-खाली करून बघ. साध्या गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर खेळ लागतो. तुझ्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघ. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, तेव्हा चाक फिरवत चार ठिकाणी माप आणि जिथं सर्वांत घट्ट लागेल तिथं खेळ जुळव. अ‍ॅक्सलचा नट सैल करून दोन्हीकडचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरव, नट पुन्हा घट्ट आवळ. चाक मागं सरकलं की ड्रम ब्रेक कडक होतो, तोही तपास.

एक मात्र ऐकच. चाक हातानंच फिरव, इंजिन बंद ठेवून. गाडी गिअरमध्ये चालू ठेवून चेन पुसायला जाणाऱ्यांची बोटं स्प्रॉकेटमध्ये तुटतात.

अ‍ॅडजस्टर शेवटाला पोचले असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदल. रबर तिकडं मिळालं नाही तर गाडीचं मॉडेल आणि साल कळव, इथून पाठवतो.

तुझा,
मामा