कवकतंतूची वाढ : पेशीपंजर, गतिप्रथिने आणि आपले औषधी भांडार



पावसाळा आला की औषधनिर्माण करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एक धास्ती असते. श्रावणातील एका सकाळी आमच्या भांडारातील ज्येष्ठमधाच्या पोत्यावर हिरवट पूड दिसली. मदतनिसाने प्रामाणिकपणे कांड्या कोरड्या ब्रशने झाडल्या, दोन दिवस उन्हात घातल्या आणि पोते पुन्हा शिवून ठेवले. आठवडाभराने तीच हिरवट पूड पुन्हा आली. सूक्ष्मजीवशास्त्र शिकविणाऱ्या एका स्नेह्यांकडे आम्ही कांडीचा आतील छेद नेला. लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूने रंगविलेल्या त्या छेदात, बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या भागातही निळे तंतू पसरलेले होते. झाडली गेली ती केवळ बीजाणूंची पूड. बुरशी आत तशीच होती.

हा तंतू इतक्या आत शिरतो कसा, या प्रश्नाने आम्हांस पेशीविज्ञानाच्या अभ्यासाकडे वळविले. त्या अभ्यासाचा सारांश आणि आपल्या व्यवसायास उपयोगी पडणारे निष्कर्ष प्रस्तुत लेखात मांडीत आहोत.

टोकाने वाढणारा जीव

वनस्पतीचे मूळ किंवा प्राण्याचे ऊतक वाढते ते प्रामुख्याने पेशींच्या विभाजनाने व प्रसरणाने. कवकतंतूची रीत निराळी आहे. तो केवळ आपल्या टोकाशी लांबतो. मागील भित्तिका एकदा घट्ट झाली की तेथे लांबी वाढत नाही. राइनहार्ट यांनी १८९२ मध्येच ही गोष्ट निदर्शनास आणली होती. न्यूरोस्पोरा क्रासा या प्रयोगशाळेतील प्रसिद्ध बुरशीचा तंतू अनुकूल स्थितीत तासाला सुमारे ४ मिलिमीटर पुढे जातो, म्हणजे दर सेकंदास जवळजवळ एक मायक्रॉन.

या वाढीस दोन गोष्टी लागतात. पहिली, आतील पाण्याचा दाब. तंतू बाहेरून पाणी ओढून घेतो आणि फुगलेल्या पेशीद्रवाचा दाब मऊ टोकास पुढे रेटतो. दुसरी, नव्या भित्तिकेचे साहित्य. टोक ताणले जात असता तेथे अखंडपणे नवे पटल व नवे कायटिन घातले गेले नाही, तर तंतू फुटेल. हे साहित्य अतिसूक्ष्म पिशव्यांतून येते. या पिशव्या टोकाजवळ दाटीने गोळा होतात. १९२४ मध्ये ब्रुन्स्विक यांनी रंगविलेल्या तंतूत हा पुंज पाहिला व त्यास स्पिट्झेनक्योर्पर, म्हणजे अग्रपिंड, असे नाव दिले. पुढे १९५७ मध्ये गिरबार्ट यांनी जिवंत तंतूत त्याचा अभ्यास केला. अग्रपिंड ज्या बाजूस कलतो, त्या बाजूस तंतू वळतो. तो विखुरला की वाढ थांबते.

मार्ग आणि वाहक

पिशव्या तयार होतात टोकापासून मागे, दूर अंतरावर. एवढा पल्ला केवळ विसरणाने वेळेत गाठणे शक्य नाही. त्यासाठी पेशीत मार्ग आहेत व त्या मार्गांवरून चालणारे वाहक आहेत.

मार्ग दोन प्रकारचे. ट्युब्युलिन प्रथिनाच्या सूक्ष्मनलिका सुमारे २५ नॅनोमीटर जाडीच्या असून तंतूच्या लांबीस समांतर धावतात. ॲक्टिनचे धागे सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचे असून टोकापाशी त्यांचे जाळे असते. या मार्गांच्या समुच्चयास पेशीपंजर म्हणावे.

वाहक म्हणजे गतिप्रथिने. ती एटीपीमधील ऊर्जा खर्च करून पाऊल टाकतात. कायनेसिन हे सूक्ष्मनलिकेवरून सामान्यतः तिच्या वाढत्या टोकाकडे जाते. ते १९८५ मध्ये स्क्विड या सागरी जीवाच्या मज्जातंतूत सापडले. त्याचे एक पाऊल ८ नॅनोमीटरचे असते. डायनीन उलट दिशेने, म्हणजे टोकाकडून मागे, ओझे आणते. मायोसिन ॲक्टिनवरून चालते आणि पिशव्यांना अखेरच्या टप्प्यात पटलापर्यंत पोचविते. लांबचा प्रवास सूक्ष्मनलिकेवरून व शेवटचे अंतर ॲक्टिनवरून, अशी ही साधारण व्यवस्था आहे.

दोन्ही मार्गांचे महत्त्व सारखे नाही. ॲक्टिन मोडले तर टोक फुगते आणि वाढ खुंटते. सूक्ष्मनलिका मोडल्या तर वाढ लगेच थांबत नाही. परंतु वेग मंदावतो आणि तंतूची दिशा चुकते. ॲस्परजिलस निड्युलन्स या बुरशीत याचे कारण उलगडले आहे. सूक्ष्मनलिकेच्या टोकावर स्वार होऊन टी-ए नावाची खूणप्रथिने अग्रपटलापर्यंत येतात आणि वाढ कोठे व्हावी ते ठरवितात. ही खूण नाहीशी झाली की तंतू सरळ न जाता नागमोडी वाढतो.

याच बुरशीत केंद्रकांचे वाटप बिघडलेले उत्परिवर्ती वाण मॉरिस यांनी १९७० च्या दशकात वेगळे केले. त्यांतील एक दोष डायनीनच्या जनुकात निघाला. दुसरे जनुक मानवातील लिस-१ या जनुकाशी मिळतेजुळते आढळले. लिस-१ मध्ये दोष असलेल्या बालकाच्या मेंदूवर वळ्या नीट पडत नाहीत. बुरशीच्या अभ्यासातून बालरोगाचे एक कोडे सुटण्यास साहाय्य झाले, ही गोष्ट आपण वैद्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

गती म्हटले की आपणांस चरकसंहितेतील वातकलाकलीय अध्याय आठवणे स्वाभाविक आहे. तथापि वायु म्हणजेच गतिप्रथिने असे समीकरण मांडणे उचित नव्हे. तुलना समजण्यापुरती ठेवावी. दोन्ही शास्त्रांचे प्रमाण स्वतंत्र आहे.

औषधांचा आघात कोठे होतो

दद्रूच्या रुग्णांत आपण पुष्कळदा ग्रिसिओफुल्विनच्या गोळ्यांचा पूर्वेतिहास ऐकतो. हे द्रव्य १९३९ मध्ये एका पेनिसिलियम बुरशीपासूनच वेगळे केले गेले. १९४६ मध्ये त्याच्या प्रभावाने इतर बुरशींचे तंतू कुरळे होतात असे दिसून आले. कारण आता स्पष्ट आहे : ते सूक्ष्मनलिकांच्या कार्यात अडथळा आणते, म्हणून दिशा चुकते. ते बुरशीची वाढ रोखते, तिला तत्काळ मारीत नाही. म्हणून दूषित केस किंवा नख वाढून निघून जाईपर्यंत ते घ्यावे लागते. खाज थांबताच गोळ्या बंद करणाऱ्या रुग्णास दद्रू पुन्हा का होतो, याचे एक उत्तर येथे मिळते.

आपल्या परिचयाच्या वनस्पतींचाही येथे संबंध येतो. उपविषांत गणली जाणारी लांगली, म्हणजे कळलावी, हिच्यातील कोल्चिसिन प्राण्यांच्या ट्युब्युलिनला घट्ट चिकटते. बुरशीच्या ट्युब्युलिनला मात्र फारच अल्प प्रमाणात. सदाफुलीतील व्हिन्क्रिस्टिन व व्हिन्ब्लास्टिन ही कर्करोगावरील द्रव्येही ट्युब्युलिनवरच कार्य करतात. लांगलीच्या मात्रेविषयी आपले ग्रंथ इतके सावध का आहेत, हे यावरून कळते. तसेच लांगली विषारी आहे म्हणून तिच्यावर बुरशी येणार नाही, हा समज खोटा ठरतो.

भांडारासाठी निष्कर्ष

१. रंग दिसतो तो उशिरा. हिरवी, काळी वा पिवळी पूड म्हणजे बीजाणू. तंतू आत रुजल्यानंतरच ते तयार होतात. म्हणून पूड झाडणे म्हणजे शुद्धी नव्हे.

२. कुटल्याने बुरशी संपत नाही. ॲस्परजिलसच्या तंतूत सच्छिद्र पडदे असतात. तंतू तुटला की वोरोनिन पिंड नावाचे कण ती छिद्रे बुजवितात आणि उरलेला तुकडा जगतो. दूषित द्रव्य चक्कीतून काढले तर तुकडे व बीजाणू संपूर्ण चूर्णात मिसळतात.

३. उकळल्याने विष जात नाही. ॲस्परजिलस फ्लेव्हस निर्माण करीत असलेले अफ्लाटॉक्सिन काढ्याच्या उष्णतेने नष्ट होत नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये दूषित शेंगदाणा पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा या विषाचा शोध लागला. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल भागांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने ३९७ जणांना यकृतविकार झाला आणि त्यांतील १०६ दगावले. ही माणसे मका अन्न म्हणून खात होती. आपण तर यकृताच्या रुग्णास औषध म्हणून चूर्ण देतो.

४. पाणी नाही तर वाढ नाही. टोक पुढे रेटणारा दाब पाण्याचाच असल्याने कोरडेपणा हाच खरा उपाय होय. जलक्रियता ०.६५ च्या खाली राखल्यास बहुतेक बुरशींची वाढ होत नाही. पोती जमिनीवर व भिंतीस टेकून न ठेवता फळ्यांवर ठेवावीत, मालाची आर्द्रता आत घेतानाच तपासावी आणि उन्हात वाळविलेले द्रव्य थंड झाल्यावरच बंद करावे. ते गरम असता बंद केल्यास आत घाम धरतो.

धूर, पाऊस, वारा व ओल यांपासून सर्व ऋतूंत सुरक्षित अशा गृहात औषधे ठेवावीत, असे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितले आहे. शार्ङ्गधरांनी चूर्णाचे वीर्य दोन महिनेच मानले. सन २००० मध्ये लागू झालेल्या शेड्यूल टी मध्येही भांडाराच्या स्वच्छतेचा व व्यवस्थेचा आग्रह आहे. तिन्हींचा रोख एकच आहे.

आमच्या त्या ज्येष्ठमधाच्या पोत्याचे काय झाले, असे आपण विचाराल. ते आम्ही नष्ट केले. नुकसान झाले, आणि मदतनीसही काही दिवस खिन्न होता. दोष त्याचा नव्हता. झाडून वाळविण्याची ती रीत आम्हीच त्यास शिकविली होती. आता आमच्या भांडारात नियम एवढाच आहे : बुरशी दिसलेले द्रव्य औषधात जाणार नाही. आपणही या पावसाळ्यापूर्वी आपले भांडार एकदा या दृष्टीने पाहावे, अशी नम्र विनंती आहे.