हवेच्या जोरावर घांसकाम

आमच्या शाळेच्या कारखान्यांतील लेथावर गेल्या पावसाळ्यांत एक दोष आढळून आला. दोन टोंकांमध्यें धरून अर्धा कातलेला गज उलटा करून पुन्हां धरला, कीं नवा भाग जुन्याशीं मिळेना. सांध्यावर एका बाजूस कड वर येई, समोरच्या बाजूस ती खालीं जाई. विद्यार्थ्यांनीं हत्यारास दोष दिला. आम्हीं विद्यार्थ्यांस दिला. दोघांचेंही चुकलें होतें. लेथाचें फिरतें टोंकच झिजून आंसाबाहेर गेलें होतें, आणि भोंवऱ्याची वांकडी आर डोलते तसें तें डोलत होतें.

हें टोंक पाणी दिलेल्या पोलादाचें असल्यामुळें साध्या हत्याराला दाद देत नाहीं; तें घांसूनच उतरावें लागतें. बाहेर काढून घांसावें, तर पुन्हां बसवितांना आंसाशीं जुळेलच असें नाहीं. म्हणून तें जागेवर फिरतें ठेवून घांसणें हाच खात्रीचा मार्ग. परंतु हत्यार धरण्याच्या जागीं घर्षणचक्र फिरविणार कोण?

येथें दाबलेली हवा कामास येते. टांकींतील हवेचा दाब काट्यावर दर चौरस इंचास ९० पौंड होता. वातावरणाचा दाब १४.७ पौंड असतो, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. हवेवर चालणारें यंत्र मुठींत मावेल एवढेंच. त्याच्या नळकांड्यांत एक रूळ थोडा एका बाजूस सरकवून बसविलेला असतो, आणि रुळाच्या खांचांत पातळ पाती सैल असतात. फिरतांना त्या बाहेर फेंकल्या जाऊन भिंतीस टेंकतात. अरुंद कप्प्यांत शिरलेली हवा प्रसरण पावूं लागली, कीं रुंद बाजूकडे रूळ ढकलला जातो.

एक इंच व्यासाचें चक्र मिनिटास २०,००० फेरे घेतें, तेव्हां त्याची कड ३.१४१६ × २०,००० ÷ १२, म्हणजे सुमारें ५,२३६ फूट धांवते. दहा इंची चक्रास हाच वेग २,००० फेऱ्यांत मिळतो. लहान चक्रास एवढी घाई कां, हें यावरून कळेल. चक्रावर छापलेली फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या वेगाहून कमी असल्यास तें मुळींच लावूं नये. तें फुटून तुकडे डोळ्यांत जातात.

एका पालकांनीं विचारलें, ‘वीज असतांना हवेचा खटाटोप कशास?’ प्रश्न रास्त आहे. सायकलचा पंप मारतांना तापतो. त्याचप्रमाणें हवा दाबण्यांत खर्चलेली बहुतेक शक्ति उष्णतेंत जाते. खर्चाच्या दृष्टीनें वीजच बरी. पण हवेचें यंत्र हलकें असतें, आणि अडकून थांबलें तरी जळत नाहीं. आल्प्स पर्वतांत फ्रान्स व इटली यांमधील बोगदा खोदतांना सोमेयी या इंजिनियरानें १८६१ पासून हवेवर चालणारीं छिद्रयंत्रें लावलीं. त्यांतून सुटलेली हवा खोल बोगद्यांतील मजुरांस श्वासाला मिळे. बोगदा सप्टेंबर १८७१ मध्यें उघडला. सोमेयी त्याच वर्षीं जुलैंत वारला होता.

आमच्याकडे मात्र पावसाळी हवेनें त्रास दिला. दाबलेली हवा थंड झाली, कीं तींतील ओलावा पाणी होऊन टांकींत सांचतो. तें रोज सोडावें लागे, नाहींतर यंत्र गंजतें.

वरचा सरक ३० अंशांवर वळविला, म्हणजे टोंकाचा कोन ६० अंशांचा होतो. बेड ओल्या फडक्यानें झांकला. तरुणपणीं आम्हीं एकदां हा आळस केला होता. खड्याची बारीक पूड तेलांत मिसळून सरकांत शिरली, आणि चांगला लेथ वर्षभरांत ढिला झाला. तीच पूड हवेच्या झोतानें उडविणें म्हणजे ती आंत ठोंसणें होय. त्याच झोतानें अंगावरचे कपडे झाडण्याची मुलांना हौस असते. पालकांनीं घरींही सांगावें: असा झोत जखमेंतून शरीरांत शिरल्यास प्राणावर बेततें, डोळा वा कान तर क्षणांत जातो.

दर खेपेस इंचाचा हजारावा भाग, याहून अधिक उतरविलें नाहीं. दोन तासांनीं ठिणग्या सभोंवार सारख्या उडूं लागल्या. गज पुन्हां उलटा धरून कातला. नख अजून अडतें. पण आतां सगळीकडे सारखेंच अडतें. हा दोष मात्र टोंकाचा नव्हे, माप घेणाऱ्या हातांचा आहे, आणि नववीच्या मुलांनीं तो निमूटपणें मान्य केला.